लेणे आणि देणे
(महाराष्ट्रातील स्त्रियांच्या वस्त्रालंकारांचा एक मागोवा)

सुवर्णमहोत्सव म्हटला की सोन्याची आठवण होणे स्वाभाविकच आहे. पन्नास वर्षांच्या वाटचालीचे मोल सांगण्यासाठी आपल्या पूर्वजांना सोन्याहून चांगली उपमा सापडली नाही. परंतु हे सोने आपल्या घराघरांत प्रत्यक्षात वावरले ते स्त्रियांच्या अंगावर. वस्त्र आणि अलंकार यांचा इतिहास लिहायचा तर तो राजदरबारांच्या कागदपत्रांपेक्षा आपल्या आजी-पणजींच्या लाकडी पेटीत अधिक सापडतो. त्या पेटीच्या तळाशी घडी घालून ठेवलेले इरकली लुगडे, फडक्यात बांधलेली बोरमाळ, एखादी जुनी नथ या वस्तूंना मागे दोन हजार वर्षांची वाट आहे. त्या वाटेने थोडे चालून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लेण्यांची साक्ष

महाराष्ट्रातील स्त्रीच्या वेषभूषेचे सर्वांत जुने आणि भरवशाचे पुरावे दगडात कोरलेले आहेत. सातवाहन काळातील कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर स्त्री-पुरुषांची जी भव्य युगुले आहेत, त्यांतील स्त्रियांच्या पायांत जाडजूड वाळे, हातांत कोपरापर्यंत कंकणे आणि कमरेला अनेकपदरी मेखला दिसते. वस्त्र न शिवलेले, कमरेभोवती गुंडाळलेले आहे. पुढे पाचव्या शतकातील अजिंठ्याच्या चित्रांत मोत्यांचे सर, केसांत माळलेले अलंकार, झिरझिरीत तलम वस्त्रे आणि काही स्त्रियांच्या अंगात शिवलेल्या चोळ्याही दिसतात. भारतीय स्त्री पूर्वी शिवलेले कपडे वापरीतच नसे, हा समज या चित्रांपुढे टिकत नाही.

वेरूळच्या जैन लेण्यांकडे वळले की हा विषय आपल्या अगदी जवळ येतो. बत्तिसाव्या लेण्यात, म्हणजेच इंद्रसभेत, आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली यक्षी अंबिका आहे. गळ्यातील हार, दंडावरील अलंकार, कमरेची मेखला यांनी ती नखशिखांत सजलेली आहे. आणि त्याच लेण्यात तीर्थंकरांच्या निराभरण, शांत मूर्ती आहेत. देहावर वेली चढल्या तरी न हललेले बाहुबली आहेत. एकाच शिल्पकार-परंपरेने एका दालनात अलंकाराचे सारे वैभव कोरले आणि त्याच दालनात त्या वैभवापलीकडची अवस्थाही कोरली. आपल्या परंपरेने या दोहोंना एकमेकांचे शत्रू मानले नाही, एवढे तरी या लेण्यावरून निश्चित म्हणता येते. गृहस्थाश्रमातील शोभा आणि त्यागातील शोभा या दोन्ही तिने ओळखल्या.

या सर्व शिल्पांत आणि चित्रांत एक गोष्ट मात्र आढळत नाही, ती म्हणजे नथ. आज जिच्याशिवाय मराठी वधूची कल्पना करवत नाही, ती नथ कार्ल्याला नाही, अजिंठ्याला नाही आणि वेरूळलाही नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील थोर संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी या दागिन्याच्या प्राचीनतेचा साक्षेपाने शोध घेतला होता. नाकातील अलंकार भारतात इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या अखेरीनंतर रूढ झाला, असेच अभ्यासकांचे सर्वसाधारण मत आहे. म्हणजे जे आपल्याला अनादिकालापासूनचे वाटते, तेही कधी तरी नवीनच होते. परंपरा वाहती असते, याचे याहून सुंदर उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

जालन्याचे विणकर, पाटणचे पटोळे

गुजरातेतील पाटणचे पटोळे जगप्रसिद्ध आहे. ताणा आणि बाणा हे दोन्ही धागे विणण्यापूर्वीच नक्षीच्या हिशेबाने जागोजाग बांधून रंगवायचे, आणि मग विणताना एका धाग्यावरील रंगाचा ठिपका दुसऱ्या धाग्यावरील ठिपक्याशी नेमका जुळवायचा, अशी ही कला आहे. एका साडीला अनेक महिने लागतात. या कलेचे मूळ महाराष्ट्राशी जोडलेले आहे, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

सोळंकी वंशातील राजा कुमारपाल (राज्यकाल ११४३ ते ११७२) हा आचार्य हेमचंद्रांचा अनुयायी. तो पूजेसाठी रोज नवे पटोळे नेसत असे आणि ती वस्त्रे जालन्याहून येत, अशी साळवी विणकरांची परंपरा आहे. जालन्याचा राजा ही वस्त्रे आधी स्वतः वापरून मग पाटणला पाठवितो, असे कळल्यावर कुमारपालाने जालना परिसरातील सातशे साळवी कुटुंबे पाटणला नेऊन वसविली, असे सांगितले जाते. संख्येचा तपशील परंपरेचा आहे. परंतु पाटणचे साळवी आजही आपले मूळ जालन्याकडचे सांगतात. चौदाव्या-पंधराव्या शतकांत पश्चिम भारतात जी सचित्र कल्पसूत्रे तयार झाली, त्यांतील स्त्रियांच्या वस्त्रांवरही हंसांच्या व फुलांच्या नक्षीची रेलचेल आहे. त्या काळी कापड कसे होते, हे जाणण्यासाठी अभ्यासक आज याच धर्मग्रंथांची पाने उलटतात. श्रावकांनी ग्रंथभांडारे जपली नसती तर भारतीय वस्त्रकलेच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण कोरेच राहिले असते.

लुगड्याचे दिवस

दक्षिण महाराष्ट्रातील आपल्या घरांत खरा मान इरकली लुगड्याचा. आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात असलेले इळकल हे गाव या लुगड्याचे माहेर. राज्यांच्या सीमा नंतर आखल्या गेल्या. लुगड्याने त्या कधीच मानल्या नाहीत. अंग सुती आणि पदर रेशमी, अशी या लुगड्याची मूळ ठेवण. सुती ताण्याचे धागे आणि पदराचे रेशमी धागे एकमेकांच्या फाशांत अडकवून जोडले जातात. त्या जोडाला विणकर ‘कोंडी’ म्हणतात. पदरावर तांबड्या भुईवर पांढरे पट्टे, आणि काठ पाहून जाणत्या बाईने लुगड्याची जात ओळखावी. त्यावर चोळी खणाची. बागलकोट जिल्ह्यातलेच गुळेदगुड्ड हे या खणांचे गाव. ओटी भरताना आपण आजही खण-नारळच म्हणतो. खणाची चोळी घरातून गेली तरी खण शब्द आपल्या मंगल प्रसंगांतून गेला नाही.

लग्नसमारंभात पैठणीचा थाट. पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. तेथील आणि पुढे येवल्याच्या विणकरांनी जरीच्या पदरावर मोर, मुनिया, कमळ आणि आसावलीच्या वेली हाताने, एकेक रंगाचा धागा गुंफून उमटविल्या. विदर्भात नागपुरी लुगडी आणि भंडाऱ्याकडची करवतकाठी. नर्मदेच्या तीरावर अहिल्यादेवी होळकरांनी (१७२५ ते १७९५) आश्रय दिलेल्या विणकरांची महेश्वरी. संक्रांतीला काळी चंद्रकळा. प्रत्येक वस्त्राला गाव होते, ऋतू होता आणि प्रसंग होता.

नऊवारी लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटरांच्या आसपासचे कापड. कासोटा घालून नेसल्यावर बाई शेतात वाकू शकते, विहिरीवर पाणी शेंदू शकते, घोड्यावरही बसू शकते. स्वातंत्र्याच्या आगेमागे शाळा-कॉलेजांत व कचेऱ्यांत जाणाऱ्या मुलींनी पाचवारी ‘गोल’ पातळ स्वीकारले, तेव्हा घरोघरी कुरबुरी झाल्या. कासोट्याशिवाय नेसणे वडीलधाऱ्यांना अमंगल वाटे. गंमत अशी की या नव्या पद्धतीचा एक धागाही मुंबईतूनच गेलेला आहे. पहिले भारतीय सनदी अधिकारी सत्येंद्रनाथ ठाकूर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी १८६४ नंतर काही काळ मुंबईत राहिल्या. तेथील पारशी स्त्रियांचे नेसणे पाहून त्यांनी त्यात आपल्या सोयीचे फेरफार केले, परकर-पोलक्याची जोड दिली आणि ती रीत बंगालमध्ये नेली. ज्या पद्धतीला आज आपण ‘भारतीय साडी’ म्हणतो, तिचे वय अशा रीतीने जेमतेम दीडशे-पावणेदोनशे वर्षांचे भरते.

पेटीतील नावे

दागिन्यांची नुसती नावे घेतली तरी जुन्या मराठीचा एक लहानसा कोश तयार होतो. डोक्यात केवडा, मूद, राखडी, अग्रफूल, कानात कुडी, बुगडी, काप, वेल, गळ्यात ठुशी, वज्रटीक, चिंचपेटी, तन्मणी, मोहनमाळ, एकदाणी, दंडावर वाकी, हातात पाटल्या, बिलवर, गोठ, तोडे, पायांत पैंजण, आणि बोटांत जोडवी, मासोळ्या व विरोद्या. पायांत सोने घालायचे नाही, हा संकेत सर्वत्र पाळला जाई. म्हणून पायांचे सारे दागिने चांदीचे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी गाव याच चांदीकामावर नावारूपाला आले.

कोल्हापुरी साज हा तर आपल्या भागाचा मानबिंदू. त्यातील पानांची परंपरागत संख्या एकवीस सांगितली जाते. दहा पाने दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक-पाचूची आणि एक ताईताचे. अष्टमंगलांची ही चिन्हे जैन, हिंदू व बौद्ध या तिन्ही परंपरांना प्रिय असल्यामुळे साज कोणत्याच एका समाजाचा राहिला नाही. गुजरीतील सोनाराने घडविला आणि सर्व जातिधर्मांच्या सुवासिनींनी तो गळ्यात घातला.

पुतळ्यांच्या माळेची कथाही अशीच दूरवर जाते. व्हेनिस नगरराज्याचे सोन्याचे नाणे अरबी समुद्रावरील व्यापारातून आपल्याकडे आले. त्यावर माणसांच्या आकृती असल्यामुळे आपल्या लोकांनी त्याला ‘पुतळी’ म्हटले. शुद्ध सोन्याचे म्हणून ते गळ्यात ओवले गेले. पुढे सोनारांनी तशाच चकत्या घडवून माळा केल्या. इटलीतील नाणे आणि सांगली-कोल्हापूरकडची सुवासिनी यांची गाठ अशी पडली.

जुन्या घडणीचे एक वैशिष्ट्य तरुण पिढीने जाणून घ्यावे. बोरमाळेतील मणी भरीव सोन्याचे नसतात. पातळ पत्र्याचा पोकळ मणी करून त्यात लाख भरीत. त्यामुळे थोड्या सोन्यात दागिना भरगच्च दिसे, पत्र्याला पोचे पडत नसत आणि मध्यम परिस्थितीतील कुटुंबालाही मुलीला सोन्याने मढविता येई. हा दागिना मोडीत काढला की लाख जळून जाते आणि हाती येते ते मूठभर सोने. पिढ्यांची घडण, कारागिराचे कसब आणि पणजीचा स्पर्श यांना वजनकाट्यावर स्थान नाही.

अहिंसेच्या दृष्टीने

वस्त्रालंकारांकडे पाहताना आपल्या समाजापुढे एक प्रश्न इतरांपेक्षा अधिक तीव्रतेने उभा राहिला. हे कशापासून बनले? तुतीचे रेशीम काढताना कोशातील जीव जिवंत असतानाच कोश वाफेवर धरतात किंवा उकळत्या पाण्यात टाकतात, कारण पतंग बाहेर पडला की धागा तुटतो. एका साडीला असे हजारो कोश लागतात. शेजारच्या ब्राह्मण घरात रेशमी मुकटा सोवळ्याचा म्हणून पवित्र. आणि आपल्याकडे, अनेक मुनी व आर्यिकांच्या उपदेशामुळे, पूजेला धूतवस्त्र सुती असावे हा आग्रह वाढत गेला. ज्या कुमारपालाने राज्यात प्राणिहत्याबंदीची घोषणा केली, तोच पूजेसाठी रेशमी पटोळे नेसत होता, असे परंपरा सांगते. त्या काळाला त्यात विसंगती वाटली नाही; आजच्या श्रावकाला वाटते. जाणीव पिढी-दरपिढी सूक्ष्म होत जाते, ती अशी.

हस्तिदंताचीही तीच कथा. राजस्थान-गुजरातकडून महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांत वधूला हस्तिदंती चुडा भरण्याची चाल होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हत्तीच्या दातांचा व्यापार बंद झाला आणि १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंतालाही बंदी आली. चुड्याची रीत राहिली, हस्तिदंत गेला. आचार बदलला म्हणून विवाह अपुरा राहिला, असे कोणी म्हटले नाही. जे चुड्याबाबत शक्य झाले, ते इतरही बाबतींत शक्य आहे.

दागिना म्हणजे स्त्रीधन

ज्या काळी स्त्रीच्या नावावर शेत नव्हते, घर नव्हते आणि पेढीवर खातेही नव्हते, त्या काळी अंगावरचे सोने हीच तिची मालमत्ता होती. दुष्काळ, आजारपण, मुलाचे शिक्षण, धान्याचे बी, प्रत्येक अडचणीत प्रथम पाटल्या उतरत. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णचलन सोडल्यावर सोन्याचे भाव चढले. मंदीने गांजलेल्या भारतीय शेतकऱ्यांच्या घरांतून दागिने बाहेर पडले आणि त्या सोन्याचा ओघ जहाजांनी परदेशी गेला. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी झाली. देशभरातील सोनारांवर उपासमारीची पाळी आली. कसाची अट पुढे शिथिल झाली. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत टिकून होता. दरम्यान १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, जो जैनांनाही लागू आहे, स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. दागिना कायद्यानेही तिचा झाला.

पण त्या आधीच एका स्त्रीने आपल्या दागिन्यांची मालकी कशी सिद्ध केली, हे सर्वांना माहीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहतील असे वसतिगृह चालविले. त्या मुलांना दोन वेळा जेवायला घालण्याचा भार लक्ष्मीबाईंवर होता. घरात धान्य संपले की त्यांचा एकेक दागिना बाजारात जाई. माहेरच्या श्रीमंतीत वाढलेल्या या माउलीने अखेर मंगळसूत्रही त्या मुलांच्या अन्नासाठी दिले. सोवळ्या-ओवळ्याच्या कडक वातावरणात वाढलेल्या बाईने परजातीच्या मुलांना पोटच्या पोरांसारखे जेवू घातले, हे त्या दागिन्यांहूनही मोठे दान होते. १९३० साली त्या गेल्या. त्यांच्या गळ्यातील सोन्याचे पुढे किती वर्ग आणि किती शाळा झाल्या, याचा हिशेब महाराष्ट्र अजून करीत आहे.

उतरविणे आणि हिरावणे

आता एका अवघड विषयाकडे वळणे भाग आहे. सुवर्णमहोत्सवाच्या अंकात तो टाळता आला असता. परंतु वस्त्रालंकारांचा इतिहास लिहिताना तो टाळणे म्हणजे अर्धाच इतिहास लिहिणे होय.

दीक्षेच्या दिवशी भावी आर्यिकेला किंवा साध्वीला वस्त्रालंकारांनी सजवितात, वाजतगाजत मिरवणूक काढतात, आणि मग ती स्वतःच्या हातांनी एकेक अलंकार उतरविते व शुभ्र वस्त्र धारण करते. त्या क्षणी सारा समुदाय हात जोडून उभा असतो. ज्या घरात हा सोहळा आपण डोळे भरून पाहतो, त्याच घरात पतीच्या निधनानंतर सुनेच्या बांगड्या फोडल्या गेल्या, कुंकू पुसले गेले, जोडवी काढली गेली. तिला कोणी विचारले नाही. दोन्ही प्रसंगी दागिने उतरले. पण पहिल्याला आपण त्याग म्हणतो, कारण तो तिचा निर्णय असतो. दुसऱ्याला त्याग हा शब्द लावता येत नाही. जे तिने सोडलेच नाही, ते फक्त तिच्याकडून काढून घेतले गेले.

जैन समाजातील विचारी माणसांना ही बोच फार पूर्वी लागली होती. मुंबईचे दानशूर जवाहीर शेठ माणिकचंद हिराचंद (१८५१ ते १९१४) यांची कन्या मगनबाई यांना तरुणपणीच वैधव्य आले. त्यांना कोपऱ्यात न बसविता वडिलांनी शिकविले. विसाव्या शतकाच्या आरंभी मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालवून विधवा व निराधार भगिनींना शिक्षणाचा मार्ग खुला केला. समाजाने त्यांना ‘जैन महिलारत्न’ म्हणून गौरविले. रत्नांच्या व्यापाऱ्याच्या मुलीला मिळालेली ही पदवी तिने अंगावर कधी घातलेल्या कोणत्याही रत्नाहून मोलाची होती.

तरीही चाल पुरती गेली नाही. मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की पतीच्या अंत्यविधीच्या वेळी स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हा आदर्श घेण्याचे आवाहन केले. ठराव कागदावर होतो. पाळायचा असतो तो घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी, दुःखाच्या त्या पहिल्या तासात. आपली सासू, आत्या, मावशी त्या वेळी कोणाचा हात धरते, यावर सारे अवलंबून आहे.

समारोप

आज सोन्यावर शिक्का असतो. १६ जून २०२१ पासून देशातील अनेक जिल्ह्यांत हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. शुद्धतेची हमी मिळाली, हे चांगलेच. पण नव्या दागिन्यासाठी जुना मोडीत देताना आपण काय गमावतो, याची पावती कोणताही सराफ देत नाही. म्हणून एक नम्र सूचना करावीशी वाटते. प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. घरातील जुन्या दागिन्याचे व लुगड्याचे नाव, ते कोणाचे, कोठून आले, कोणत्या प्रसंगी मिळाले आणि कोणत्या अडचणीत गहाण पडून पुन्हा सुटले, हे आजींना विचारून लिहून ठेवावे. जमल्यास छायाचित्र चिकटवावे. आजी सांगू शकतात तोवरच हे काम होण्यासारखे आहे.

लेणे ही स्त्रीची शोभा, असे आपण म्हणत आलो. लक्ष्मीबाईंनी लेण्याचे देणे करून दाखविले, आणि आर्यिकांनी ते सहज उतरवून दाखविले. या तिन्ही गोष्टी तिच्या स्वतःच्या इच्छेने घडाव्यात, कोणाच्या हुकुमाने नव्हे, एवढे जरी आपण पुढच्या पन्नास वर्षांत साधले, तरी आपल्या लेकी-सुनांना वारसा म्हणून देण्यासारखे ते खरे सोने ठरेल.